पैसे अडकलेत, हे बोलायची लाज सोडू या
(खान्देशातल्या लहान उद्योजकांच्या आपल्या ग्रुपला खुले पत्र)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या माझ्या भावांनो, बहिणींनो,

राम राम.

काही दिवसांपूर्वी रात्री उशिरा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ताईंचा मेसेज आला. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया असा माल त्या दुकानांना पुरवतात. दिवाळीआधी एका मोठ्या दुकानदाराला दिलेल्या मालाचे पैसे अजून मिळाले नाहीत, तिथे कुणाची ओळख आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर लिहायला घेतलं तोवर मेसेज डिलीट झालेला. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर म्हणाल्या, ‘जाऊ द्या भाऊ. त्यांचा माणूसपण ग्रुपवर आहे. आणि बाकीचे म्हणतील, हिचा धंदा बसला.’

त्यांना विचारूनच हे लिहितोय, नाव-गाव सोडून. ग्रुपवर न लिहिता असं उघड लिहायचं कारण दोन. ग्रुपवरचं लिखाण संध्याकाळपर्यंत जाहिराती आणि शुभेच्छांच्या गर्दीत वर सरकून जातं. आणि ज्यांच्याकडे आपले पैसे पडून आहेत त्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

हा ग्रुप मला जवळचा आहे, ते आधी सांगतो. माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना लहान आहे. एमआयडीसीतलं एक शेड, कोरुगेशनचं मशीन, दोन स्टिचिंग मशिनं आणि हाताखाली मोजकी माणसं. शेजारच्या शेडमध्ये कोण काय करतं हेही पूर्वी नीट माहीत नसायचं. ऐन सीझनमध्ये स्टिचिंग मशीनचा एक पार्ट तुटला आणि जळगावात कुठेच मिळेना, तेव्हा धुळ्याच्या एका दादांनी त्यांच्या जुन्या मशीनचा काढून रात्रीच्या एसटीनं पाठवला. त्यांचं तोंडही मी तोवर पाहिलेलं नव्हतं. सुरतेकडे जाणारी अर्धी रिकामी गाडी, नंदुरबारच्या पथारीवर मिरची कधी वाळून होईल त्याचा अंदाज, अन्नपदार्थांच्या नोंदणीसाठी एजंट किती उकळतो आणि तीच नोंदणी घरबसल्या कशी होते, हे सगळं मला इथेच कळलं. चटईवाले, डाळ मिलवाले, भरताच्या वांग्यांची पॅकिंग करणारे, मसाले कांडणाऱ्या बायका, फॅब्रिकेशनवाले, घरी शिवणकाम करणाऱ्या ताई, एरवी ही माणसं एका खोलीत कधी बसली असती? अडचणीला आपण एकमेकांना ‘आपला माणूस’ म्हणून हाक मारतो आणि समोरून ओ येते. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी हलकी मानत नाही.

पण ज्या एका गोष्टीनं आपली झोप उडते, तिच्याबद्दल आपण इथे चकार शब्द काढत नाही. नवीन मशीन आलं की फोटो टाकतो. ऑर्डर मिळाली की टाकतो. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्यातून पुढे विप्रो उभी राहिली, हा फॉरवर्ड दर महिन्याला कुणीतरी टाकतं आणि आपण सगळे अभिमानानं अंगठ्याचं चिन्ह टाकतो. अभिमान वाटलाच पाहिजे. पण त्याच दिवशी त्याच ग्रुपमधला एखादा माणूस बिलाची फाइल काखेत धरून पार्टीच्या, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या, ऑफिसबाहेर बाकावर बसलेला असतो, आणि त्याच्याबद्दल कुणाला काही माहीत नसतं.

पैसे अडकतात म्हणजे काय होतं, ते माझ्याच धंद्यावरून सांगतो. रावेर-यावलकडची केळी आखाती देशांत जाते ती साधारण तेरा-साडेतेरा किलोच्या खोक्यात. पॅकहाउसला, म्हणजे केळी खोक्यात भरतात त्या ठिकाणी, खोके आज हवे असतात, उद्या नाही, कारण घड कापला की केळी थांबत नाही. म्हणून मी क्राफ्ट पेपरचे रील आधीच घेऊन ठेवतो. पेपरवाल्याची उधारी थोडक्या दिवसांची, मुदत चुकली की पुढचं रील येत नाही. मजुरी आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी. वीजबिलाला तारीख. आणि ज्या महिन्यात मी बिल फाडलं, त्या महिन्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा. पार्टीनं मला एक रुपयाही दिलेला नसला तरी भरायचा. म्हणजे समोरच्याच्या वाट्याचा करसुद्धा मी माझ्या कॅश क्रेडिट खात्यातून, बँकेला व्याज देऊन भरतो. एका सीझनमध्ये माझं एका पार्टीकडे असं येणं राहिलं की बँकेचा हप्ता भरायला घरातलं सोनं गहाण ठेवावं लागलं. सोन्यासाठी सगळ्या महाराष्ट्रातून लोक जळगावला येतात, आणि जळगावातल्या कितीतरी लहान कारखानदारांच्या घरचं सोनं असं दुसऱ्याच्या बिलापायी बँकेच्या लॉकरात पडून आहे.

पार्टी नाही म्हणत नाही, हे त्यातलं सगळ्यात अवघड. चहा पाजते. ‘चेक टाकू नका, दोन दिवस थांबा.’ ‘साहेब पुण्याला गेलेत.’ ‘कंटेनर लागला की लगेच करतो.’ ‘कापूस निघू द्या.’ बोलणं इतकं गोड की पुन्हा विचारायचा आपल्यालाच संकोच वाटतो. त्यात निम्म्या वेळा समोरचा सोयरा असतो, नाहीतर भावाचा वर्गमित्र, नाहीतर गावातला मोठा माणूस. ‘पैसा कवय भेटतीन, भो?’ (पैसे कधी मिळतील, भाऊ?) हे अहिराणीत हसत हसत विचारता येतं, पण हसत विचारलेल्याला उत्तरही हसतच मिळतं.

अशा वेळी कायदा आपल्या बाजूनं काय सांगतो, ते आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्यानं लेखी करार असेल तर करारातल्या तारखेला, आणि करारात काहीही लिहिलेलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. लेखी करार नसेल तर मुदत आणखी कमी, १५ दिवस. आणि आपल्यापैकी बहुतेकांकडे लेखी करार नसतोच! दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. माल उतरल्यावर १५ दिवसांत समोरच्यानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल उतरला त्याच दिवशी तो स्वीकारला असं कायदा मानतो. त्यामुळे पाच महिन्यांनी ‘तुमचे खोके हलके होते’ म्हणून बिल कापायला निघालेल्याला विचारता येतं, की तेव्हा लिहून का दिलं नाही? मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीनं. ‘व्याज देणार नाही’ असं करारात लिहून घेतलं तरी ते चालत नाही.

दाद मागायला राज्यांमध्ये फॅसिलिटेशन कौन्सिल, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी सरकारी मंडळं आहेत. आपल्यासाठी ते नाशिकला आहे, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारनं समाधान पोर्टल सुरू केलं तेव्हापासून ऑनलाइन अर्ज करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. निकाल ९० दिवसांत द्यावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात वेळ त्याहून जास्त लागतो हे मोकळेपणानं सांगतो. पण निकाल आपल्या बाजूनं लागला आणि समोरच्याला कोर्टात जायचं असेल, तर त्याला आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. नुसता वेळ काढण्यासाठी कोर्टात जाणाऱ्याला ही अट जड जाते.

प्राप्तिकरातली तरतूद अलीकडची आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पानं ४३बी(एच) हे कलम आणलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला ते त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येतं. तरतूद लागू होण्याच्या तोंडावर, २०२४ च्या मार्चमध्ये, बाजारात मोठी चलबिचल झाली. कुणी घाईघाईनं जुनी बिलं चुकती केली. कुणी उलट पुरवठादारालाच सुचवलं की तुझी उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून केलेली सरकारी नोंद) रद्द करून टाक, नाहीतर माल दुसरीकडून घेतो. हे दुसरं ऐकून मला फार वाईट वाटलं. नोंदणी हे आपलं एकमेव कागदी बळ, आणि तेच सोडायला सांगतात. सोडू नका. कुणी केलेली नसेल तर आधी करा. सरकारी उद्यम पोर्टलवर ती मोफत होते, आधार आणि पॅन लागतं, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. वाद झाल्यावर नोंदणी करून मागच्या बिलांवर हक्क सांगायला गेलं तर तिथेच आधी भांडण होतं, म्हणून पुढचा माल निघायच्या आत करून घ्या आणि उद्यम क्रमांक बिलावर छापा.

आपल्यातले जे निव्वळ व्यापार करतात, म्हणजे घेऊन विकतात, त्यांना ४५ दिवसांचं हे संरक्षण नाही. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. तुमच्या हातात जीएसटीतली एक गोष्ट आहे. खरेदीदारानं तुमच्या बिलावर इनपुट क्रेडिट, म्हणजे बिलातल्या जीएसटीची वजावट घेतली आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुमचे पैसे दिले नाहीत, तर त्याला ते क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागतं. पैसे दिल्यावर ते परत घेता येतं. त्याच्या अकाउंटंटला हे पक्कं माहीत असतं. तुम्हाला माहीत आहे, हे त्याला कळलं पाहिजे.

एवढं सगळं असताना आपण गप्प का बसतो? भीती आहे म्हणून. एकट्यानं नोटीस पाठवली की पुढची ऑर्डर बंद, हे आपण सगळेच ओळखून आहोत. खान्देशात गिऱ्हाईक मोजकी आणि एकमेकांच्या ओळखीतली. आज चोपड्यात बोललेलं उद्या शिरपुरात कळतं. त्या ताईंची भीती खोटी नव्हती. आणि मला वाटतं, हा ग्रुप खरा उपयोगी पडायची जागा नेमकी इथे आहे. एकटा माणूस मागतो तेव्हा समोरच्याला ती त्याची अडचण वाटते. पाच जणांची आठवणीची पत्रं एकाच आठवड्यात, नम्र भाषेत, कलमाच्या उल्लेखासह गेली, तर अकाउंट खातं फाइल बाहेर काढतं. एकाच खरेदीदाराला खोके मी देतो, टेप दुसरा देतो, लेबल तिसरा, गाडी चौथा लावतो. चौघंही आपल्याच ग्रुपवर आहेत आणि चौघंही एकमेकांपासून लपवून त्याच बाकावर जाऊन बसतात.

यावर काही जण म्हणाले, मग नावं टाकू, बुडव्यांची यादीच करू. माझा त्याला विरोध आहे. बदनामीचा कायदा आपल्यावर उलटेल, हा झाला एक भाग. माझं मन त्याहून दुसऱ्या गोष्टीनं मागे येतं. पैसे न देणारा प्रत्येक जण बदमाश नसतो. मेच्या अखेरीस वादळ येतं आणि उभ्या केळीच्या बागा तासाभरात आडव्या होतात, तेव्हा पॅकहाउसवालाही मोडतो. जिनिंगवाल्याच्या कापसाच्या गाठी पडून राहतात, त्याचं येणं पुढे अडकलेलं असतं. अशा माणसाचं नाव चारचौघांत टाकलं, तर त्याला वर यायला हातच उरत नाही. आणि खरा निगरगट्ट असेल त्याला यादीनं काही होत नाही. खरी अडचण असेल तर त्यानं सांगावं, दोन हप्त्यांत देतो, तारीख लिहून देतो. अशी लिहून दिलेली तारीख मी तरी कधी नाकारलेली नाही.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. ग्रुपवर पार्टीचं नाव न घेता फक्त एवढं लिहायची मुभा असावी: माल काय, रक्कम किती, बिलाची तारीख कोणती, आठवण दिली का. त्यावर ‘हो, हे आमच्याकडेही झालंय’ एवढं म्हणणारे दोघं-तिघं भेटले तरी माणसाला बळ येतं. नाव-गाव फक्त तीन-चार जाणत्या सभासदांना खासगीत कळवायचं. आपल्यात बँकेतून निवृत्त झालेले आप्पा आहेत, दोन सीए आहेत, एक ताई कोर्टात काम करतात. त्यांनी पत्राचा मराठी मसुदा करून द्यावा, ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येत नाही त्यांच्याबरोबर बसावं, आणि आधी एक फोन स्वतः करून पाहावा. कितीतरी प्रकरणं त्या फोनवरच मिटतील, कारण आता विचारणारा दुसरा कुणीतरी आहे हे समोरच्याला कळतं. ग्रुप ॲडमिन मंडळींना विनंती की कुणी असं काही लिहिलं, की त्याला ‘वैयक्तिक विषय इथे नको’ म्हणून थांबवू नका. एखाद्याचा कारखाना बंद पडायला आला, हा आपल्या सगळ्यांचाच विषय आहे.

आणि आता आपल्याच बाजूला वळतो, कारण हे न बोलता पत्र पुरं करणं बरोबर होणार नाही. आपण सगळे कुणाचे तरी खरेदीदारही आहोत. पापड लाटणाऱ्या बायका किलोवर काम करतात. पिशव्या शिवणाऱ्या, लेबलं चिकटवणाऱ्या, मिरचीचे देठ खुडणाऱ्या मजुरांकडे ना उद्यम क्रमांक असतो ना बिलबुक. त्यांचे पैसे लांबवणं सगळ्यात सोपं, आणि आपल्यापैकी बरेच जण ‘मलाच मिळाले नाहीत तर तुला कुठून देऊ’ म्हणून ते लांबवतात. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा) वर्षाचा हिशेब पुरा व्हायचा. जुना सालदार मोकळा व्हायचा, नवा बोली करायचा. ज्या शेतकऱ्याकडे पीक धड आलं नसेल, तोही सालदाराचं देणं ठेवत नसे, कारण ते राहिलं तर गावात मान खाली जायची. पुढच्या साली त्याच्याकडे चांगला सालदार येत नसे, हेही होतंच. मला माझ्या धंद्यात तेवढी जुनी शिस्त हवी आहे. वरच्याकडे कायदा दाखवायचा आणि खालच्याला चहा पाजून परत पाठवायचं, असं आपल्याला करता येणार नाही.

मोठ्या खरेदीदारांपैकी जे आपल्या ग्रुपवर आहेत त्यांनाही सांगतो, तुम्ही इथून निघून जावं असं मला अजिबात वाटत नाही. तुम्ही आहात म्हणून ऑर्डरी फिरतात. फक्त तुमच्या अकाउंट विभागाला एक दिवस बसवा आणि ४५ दिवसांवरची लहान पुरवठादारांची बिलं वेगळी काढायला सांगा. बेरीज तुमच्या महिन्याच्या उलाढालीत कदाचित नजरेतही भरणार नाही. पण त्यातलं एखादं बिल त्या बिबडेवाल्या ताईंसारख्या कुणाचं तरी अख्खं भांडवल असेल, आणि उन्हाळा लागायच्या आत ते हातात आलं तरच त्यांना पुढच्या वर्षाची ज्वारी घेता येते. बिबडे आणि कुरडया उन्हातच वाळतात. ऊन गेलं की वर्ष गेलं.

या पत्राखाली अंगठ्याचं चिन्ह टाकू नका, ही कळकळीची विनंती. त्याऐवजी प्रत्येकानं एक ओळ लिहा: मी माझ्या पुरवठादाराला किती दिवसांत पैसे देतो, आणि माझ्या मजुरांना कोणत्या वारी. जमणार नसेल तर का जमत नाही, तेही लिहा, कुणी हसणार नाही. माझी ओळ मी इथेच लिहून ठेवतो. पेपर, डिंक आणि स्टिचिंग वायरवाल्याला माल उतरल्यापासून १५ दिवसांत. मजुरी दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी शेड बंद व्हायच्या आत. खोकी घेणाऱ्या प्रत्येकाला यापुढे चलनावर छापून देणार आहे: मुदत ३० दिवस.

आता तुमची ओळ लिहा.

आपला,
जळगाव एमआयडीसीतला एक खोकेवाला